दोन आखूड, एक लांब

दि. ३

चि. चिमणीस,
दादाचे मनापासून अनेक आशीर्वाद.

हे पत्र आईसमोर उघडू नकोस. येत्या एक तारखेपासून मी चालवतो ती जलद एसटी गाडी समुद्राकाठच्या रस्त्याने येणार नाही. टेकडीमागचा नवा महामार्ग तुमचं गाव टाळून थेट पुढच्या बंदराला जातो. वीस मिनिटं वाचतात म्हणे.

अकरा वर्षं तुमच्या वळणावर मी भोंगा देतोय, दोन आखूड, एक लांब. तो ऐकल्याशिवाय आई ताटावर बसत नाही. आता ती कशावर जेवणार? गाडी सुरू करताना देवाला हात जोडतो, तेव्हा हल्ली हेच मनात येतं. काही सुचलं तर कळव.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, भांडतानाही राहू दे.

तुझा,
दादा

दि. २८

ती. दादास,
चिमणीचा वाकून नमस्कार.

आधी काम केलं, मग लिहायला बसले, म्हणून उशीर. आईचा पलंग मागच्या खोलीत हलवला. शिलाई मशीन आणि डबे पुढे आणले, त्यात ह्यांची कंबर धरली. आईला सांगितलं, पुढच्या खोलीला रंग द्यायचाय. ती म्हणाली, या भिंतीला काय धाड भरलीय? मी ऐकूच न आल्यासारखं केलं. तुझ्याकडूनच शिकले.

मागच्या खिडकीतून महामार्ग दिसतो. तिथे आलास की भोंगा जरा दाबून धर.

आणि पंचेचाळिशीच्या बाईला पाकिटावर तरी चिमणी लिहू नकोस, पोस्टमन हसतो. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
(नाइलाजाने) चिमणी

दि. २८

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही, म्हणून मीच मार्ग काढला. जलद गाडी सोडून जुन्या रस्त्याची, थांबत थांबत जाणारी गाडी मागून घेतली. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, तब्येत बरी आहे ना? तुझी वहिनी म्हणाली, लोक पुढे जातात, आमचे हे रिव्हर्स घेतात. पण मला शांत झोप लागली.

एक तारखेला पुढची खिडकी उघडी ठेव. सगळ्यांना जप.

दादा

दि. ३

ती. दादास,
सा. न.

आपण दोघं शहाणे! तुझं पत्र एक तारखेला संध्याकाळी मिळालं.

त्या दिवशी दुपारी आई मागच्या खिडकीशी, ताट झाकलेलं. महामार्गावरून तुझी आधीची जलद गाडी गेली, गप्प. दादा विसरला असेल, असं मी म्हणतेय, तोच घराच्या पुढून भोंगा. मला भास वाटला. तू तिसऱ्यांदा वाजवलास तेव्हा आईने काठी उचलली, मशीनला वळसा घातला, एक डबा पाडला आणि सरळ थांब्यावर. पुढचं तुला माहीत आहेच, उतारू घड्याळं बघत होते आणि ती तुझी कॉलर सारखी करत होती.

घरी आल्यावर मात्र मी ऐकून घेतलं. तिचा निरोप तसाच लिहिते. मला न विचारता माझा पलंगही हलवायचा नाही आणि माझा मुलगाही. जलद गाडीचा नुसता आवाज यायचा, ही गाडी थांबते तरी. आणि भोंगा आता पुरे, थांब्यावर कान किटतात.

पलंग पुन्हा पुढे आणला. ह्यांची कंबर पुन्हा धरली.

काल तर आई अर्धा तास आधीच थांब्यावर जाऊन बसली. जेवणाचं विचारलंस, तर ते तिने त्याआधीच उरकलं होतं. गाडी चुकायला नको म्हणून.

तुझी,
चिमणी