खालून बघणाऱ्यांसाठी

ताश्कंद, १२ मे १९६६

ती. मस्तूराओपास,
तुझ्या धाकट्या भावाचा सा. न.

तंबूत बसून लिहितोय, अक्षर गोड मानून घे. भूकंपातून वाचलेली आमच्या विद्यापीठाची जुनी इमारत आता माणसंच पाडणार. झारच्या काळातल्या भिंती तडकल्यात म्हणे. ज्या मोठ्या दालनाच्या छतावर बाबांनी तरुणपणी गंचाच्या गिलाव्यातून तारे कोरले, तिथेच मी शिकवतो. समितीच्या हातापाया पडलो. अध्यक्ष म्हणाले, लोकांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही नक्षीसाठी रडता. बोलणं खोटं नाही, म्हणूनच जास्त लागलं. ओपा, ते छत सुटं कसं काढायचं, बाबांना विचार. सोमवारी यंत्रं येतायत, आणि माझं डोकं चालेनासं झालंय. उत्तर गाडीच्या गार्डाकडे दे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुर्गुन

कोकंद, १४ मे

चि. तुर्गुन यास, अ. आ.

लकव्यानं बाबांचं तोंड वाकडं झालं, जीभ मात्र तशीच तिखट. म्हणाले, गाढव विद्यापीठात गेलं तरी गाढवच राहिलं. गंच म्हणजे काय गालिचा, गुंडाळून आणायला? मग भिंतीकडे तोंड करून रडले. संध्याकाळी म्हणाले, पडेल ते पोतंभर पाठवायला सांग. भाजला की गंच पुन्हा नवा होतो, एक तारा कोरीन. हात उचलत नाही रे त्यांचा. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. लवकर पाठव.

वेळेवर जेवत जा, एवढं तरी ऐक.
मस्तूरा

ताश्कंद, १७ मे

ती. ओपास, सा. न.

पाडलं. पोतं पाठवतोय. ढिगाऱ्यात ताऱ्याची एक पाकळी अखंड सापडली, तीही आत आहे. हातात धरली की वाकडी दिसते. ‘उस्ताद, तुमचा हात चुकला होता का?’ असं बाबांना विचार. चिडले की त्यांना जरा बरं वाटतं. रजा मिळाली की निघतो. तोवर त्यांना धरून ठेव.

तुर्गुन

कोकंद, २४ मे

चि. तुर्गुन यास, अ. आ.

आपल्या तंदूरमध्येच गंच भाजला, कुटला, कालवला. बाबांच्या हातून छिन्नी पुन्हा पुन्हा गळली. शेवटी ती माझ्या ओंजळीत ठेवून त्यांनी डोळे मिटून घेतले. मला काही सुचेना, म्हणून तुझा टोमणा सांगितला. खरंच चिडले. म्हणाले, मी काय बायकांचे दागिने घडवत होतो, हातात धरून बघायला? खाली बाकावर बसून मान वर करणाऱ्या पोरांसाठी तिरपं कापलं होतं. वर लाव ती.

त्याच गंचानं पाकळी त्यांच्या खाटेवरच्या छताला बसवली. शुक्रवारी पहाटे बाबा गेले. तुला तार केली होती, पण त्या तंबूंच्या शहरात ती कुठे हरवली कोण जाणे. दफन तुझ्याविना झालं. मला राग येऊ दे तुझा, पण ये.

खाट अजून हलवलेली नाही. काल मी तिथे आडवी झाले. तिथून पाकळी सरळ दिसते.

तुझी ओपा