एक नंबरची वायर

तीर्थरूप दादांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण माझीही कंबर धरली आहे.) लेकीकडे तुमची तब्येत कशी आहे? डॉक्टर अजून पडून राहायला सांगत असतील तर त्यांचं जरूर ऐका. इकडे सगळे खुशाल. तुम्ही आमच्याकडे ठेवलेली गाडीही खुशाल आहे. मधल्या चार दिवसांचंच काय ते लिहितो.

सोमवारी सासूबाईंच्या डोळ्याची पट्टी निघायची होती, म्हणून गाडी काढली. चावी फिरवताच इंजिनाने उलटा हिसका दिला, चढावर डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज केला आणि दवाखान्याच्या दारात सायलेन्सरमधून असा बार काढला, की रांगेतले एक निवृत्त न्यायाधीश "तो निकाल माझा नव्हता!" असं ओरडत कुंडीमागे लपले. गुरुवारी डोळा पुन्हा दाखवायचा होता, पण सासूबाईंनी जाहीर केलं, "चालत जाईन, या तोफेत बसणार नाही."

गॅरेजवाल्याला सगळे कानसेन म्हणतात. त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून सांगितलं, "टायमिंग गेलंय. ठिणगी कधी घाईत पडते, कधी उशिरा. पुढच्या आठवड्यात आणा." एवढा वेळ कुणाला आहे? मी त्याचा टायमिंग लाइट मागून आणला. हा दिवा पहिल्या सिलिंडरच्या वायरीला चिमट्याने लावायचा. त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की दिवा लुकलुकतो, त्या उजेडात फिरणारी पुली थांबल्यासारखी दिसते आणि तिच्यावरची खूण इंजिनावरच्या रेघेसमोर आली, की टायमिंग बरोबर. सोपं आहे. (असं मला वाटलं.)

दोन दिवस बॉनेटखाली ओणवा होतो. खूण काही दिसेना! म्हातारपणी झिजली असणार, असं ठरवून मी हिची नेलपॉलिश घेतली आणि रेघेसमोर पुलीचा जो भाग दिसत होता, नेमका तिथेच नवी खूण काढली. इंजिन पुन्हा सुरू केलं, तर खूण बरोब्बर रेघेसमोर! निदान झालं: गाडीला काहीही झालेलं नाही, दोष रस्त्यांचा आहे. मी तसं घरात जाहीर केलं, आणि तेवढ्यात गाडीने उभ्या जागी बार काढला.

ही बाहेर आली. कमरेवर हात ठेवून विचारलं, "एक नंबरची वायर कुठली धरलीस?"

"माझ्या बाजूला होती ती."

"आणि तिचं दुसरं टोक कुठे जातं?"

ते तिसऱ्या सिलिंडरला जात होतं. हिने चिमटा काढून योग्य वायरीला लावला. खरी खूण ठळक दिसली, रेघेपासून चांगली लांब आणि नाचत. "ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटरच सैल आहे," म्हणाली. तो केसभर फिरवला, बोल्ट आवळला, आणि खूण शहाण्यासारखी जागेवर उभी राहिली. गुरुवारी सासूबाई गाडीत चक्क डुलक्या काढत गेल्या. मला आनंद झाला, थोडा अपमानही वाटला, पण आनंद जास्त.

प्रकृतीस जपा.

आपला आज्ञाधारक.

ता. क. : गुरुवारी परत आल्यावर ही म्हणाली, "बॉनेट उघडलंच आहे तर इंजिनाच्या आतलंही बघू." सध्या तुमचं इंजिन आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि आम्ही जमिनीवर जेवतो. तरी लेकीकडचा मुक्काम एक महिना वाढवावा, ही कळकळीची विनंती.

ता. क. २ : हिने पत्र वाचलं. म्हणते, दोन महिने लिही.