चाकूची खाच

मोखाडा, आषाढ वद्य पंचमी, शके १८७५

सकाळपासून पडवीत घासण्याचा आवाज चालू होता. माझ्या छातीतलं गळू आज कापलंच पाहिजे, असं हे म्हणाले. हे दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर नाशिकला अडकलेले, पुरामुळे मोटार बंद, आणि दवाखान्यातला एकुलता एक चाकू पडून त्याच्या धारेला खाच पडलेली. तशा धारेनं कातडी कापली जात नाही, फाटते. आधी पाट्यावर घासला, मग न्हाव्याकडून आणलेल्या दगडावर तेल घालून. खाच जाईना. गेलीच नाही तर? बाळाला एका बाजूचं दूध पुरत नव्हतं, ते सारखं रडत होतं.

दुपारी हे आत आले. "खाच गेली गं. पण माझ्यानं होणार नाही. परक्याचं असतं तर..."

"मग मला परकी समजा. पाणी उकळा."

"तू ओरडलीस तर माझा हात थांबेल."

"मी ओरडणारच. तुम्ही थांबू नका."

ओरडले. फार ओरडले. शेजारच्या काकू बाळाला घेऊन लांब गेल्या. पू निघाला. ताप उतरतोय, की मलाच तसं वाटतंय?

हे मघापासून चुलीपुढे बसलेत. हाक मारली तर म्हणाले, "येतो. जरा हात थरथरायचा थांबू दे."