तिसऱ्या ट्रॅकवरचा आवाज

चाचा, परवा नातीनं विचारलं, आजोबा कंपनीत जायचे तेव्हा तू काय करायचीस? मी म्हटलं, आवाज वर-खाली करायचे. ती हसली. माहेरी पिशोरकडं आमच्या माणसांनी मेंढरंच वळली. मी लग्न होऊन शहरातल्या छावणीत आले, नवरा वाळूजला कंपनीत, आणि तुमच्या बेकरीवरच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत मी आधी फक्त झाडायला यायचे. मग एक दिवस तुम्ही मला मशीनपुढं बसवलंत. एका साध्या कॅसेटवर चार आवाज वेगवेगळे घेणारं मशीन. प्रत्येक आवाजाला त्याचा ट्रॅक आणि त्याचा फेडर. बोटानं वर सरकवला की आवाज मोठा, खाली ओढला की बंद. आवाज किती ते दाखवायला वर एक काटा. "काटा लाल में नक्को जाने दे," तुम्ही म्हणायचात. आणि दुसरं, "जो चुप है, उसका फेडर नीचे." माणूस गप्प असला तरी माइक ऐकत असतो, श्वास, बांगड्या, सगळं आत घेतो.

मी मशीन शिकले त्या वर्षी विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव तंग होतं. तेव्हा पैठण रोडकडच्या एका खेड्यातलं ते जोडपं आलं. तो वाळूजला लेथवर होता आणि नामांतराच्या सभांमध्ये गायचा. एका ट्रॅकवर तुम्ही त्याचा आवाज घेतलात, दुसऱ्यावर ढोलकी. बायको त्याच्या ओळींना मागून साथ द्यायची, तिला तिसऱ्या ट्रॅकवर एकटीला घ्यायचं ठरलं. भिंतींना गोधड्या लावलेल्या आतल्या खोलीत ती बसली. हेडफोन एकच होता, तो तिच्या कानावर, त्यातून नवऱ्याचं आधी घेतलेलं गाणं तिला ऐकू येत होतं. आपण बाहेर काट्याकडं बघत होतो. मधेच, ती गप्प असायला हवी तिथं काटा जरासा हलला. तुम्ही म्हणालात, खोकली असेल. बाहेर आल्यावर तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "दार कोण वाजवत होतं वो?"

"कोणी नाही," मी म्हटलं. जिन्याचं दार तुम्ही आतून कडी लावूनच रेकॉर्डिंग करायचात.

"मला वाटलं, आलंय कोणी तरी," ती म्हणाली, आणि दोघं बस गाठायला गेली. नंतर आपण तिन्ही फेडर जुळवले. ती गप्प तिथं मी तिचा फेडर खाली ओढला, तुम्ही शिकवलेलं तसं. त्यामुळं त्या जागी काय होतं ते कोणीच ऐकलं नाही.

मग त्यांच्या वस्तीवर लोक चालून गेले. तो सेकंड शिफ्टला होता. घर पेटलं तेव्हा ती आत होती. एवढंच आपल्याला कळलं, तेही कॅसेट न्यायला आलेल्या त्याच्या भावाकडून.

तो स्वतः आला तेव्हा उन्हाळा सुरू झाला होता. दुपार होती, खालून पावाचा वास येत होता. उभ्यानंच म्हणाला, "चाचा, नुसता तिचा आवाज ऐकायचाय. माझा नको, ढोलकी पन नको." तुम्ही मला मान हलवून खुणावलंत. मी पहिला फेडर खाली ओढते, दुसरा खाली ओढते. तिसरा वर नेते. तिचा श्वास येतो. मग ती एक ओळ गाते, मग लांबलचक शांतता, कारण तिथं तो गातोय आणि त्याला आपण बंद केलंय. पुन्हा ओळ. आणि पुढच्या शांततेत, अगदी घरातल्या आवाजात, ती म्हणते, "कोन हाय? या की आत, दार उघडंच हाय."

दार वाजल्याचा आवाज टेपवर नव्हता. मी दोनदा टेप मागं नेऊन लावलं. तिचं बोलणं तेवढं होतं.

तुम्ही टेप थांबवलीत. मग तो म्हणाला, "माझा आवाज परत घ्या. त्या जागी मी गानार नाय. तिचं ऐकू येऊ द्या."

"पुराना मिट जाएगा," तुम्ही म्हणालात. "फिर नहीं आने का."

"मिटू द्या. माझा आवाज माझ्यापाशी हाय."

तो गोधड्यांच्या खोलीत गेला, तोच हेडफोन कानाला लावून. बाहेर आपल्याला त्याचं गाणं भिंतीतून आल्यासारखं अस्पष्ट येत होतं. त्या जागी तो थांबला. काटा खाली पडला, आणि मग जरासा हलला. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. खोकला असेल, असं या वेळी कोणी म्हणालं नाही.

मिक्स करायला तुम्ही मलाच बसवलंत. तो शेजारी स्टुलावर बसला होता. ती जागा आली. गप्प असलेल्याचा फेडर खाली न्यायचा, पण माझी बोटं दोघांच्या फेडरवर तशीच राहिली. फक्त ढोलकी खाली नेली. तिचा आवाज आला, "कोन हाय? या की आत, दार उघडंच हाय." आणि पहिल्या ट्रॅकवरून, गाऊन नाही, नुसतं बोलून, "मीच हाय."

त्यानंतर ती गायला लागली. ओळ तीच होती, आधी ऐकलेली. पण आता ती कोणी तरी आत आल्यावर गातेय असं वाटत होतं. तो म्हणाला, "हे असंच राहू द्या," आणि जुळवलेली कॅसेट खिशात घालून जिना उतरला. पुढं विद्यापीठाचं नाव बदललं, त्या मिरवणुकीत ती कॅसेट भोंग्यावर लावली होती असं माझा नवरा सांगायचा. गाणं थांबतं त्या जागी लोकांना वाटलं, टेप अडकली.

तो गेल्यावर तुम्ही जिन्याचं दार सताड उघडलंत आणि मला विचारलंत, "बेटी, डर गई?" मी हो म्हणाले. चहा मागवलात, मला लवकर घरी पाठवलंत. पुढं किती वर्षं आपण शेजारी बसून काम केलं, पण हा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. आता सांगावं तर तुम्ही राहिला नाहीत, आणि हे पत्र मी लिहून उशीखाली ठेवणार, सकाळी चुलीत टाकणार. चाचा, मी घाबरले नव्हते. बाईमाणसानं अशा वेळी हो म्हणायचं असतं म्हणून म्हणाले. तुम्ही चहा सांगायला खाली गेलात तेव्हा मी ते मशीनमधल्या मूळ टेपवरून एकटीनं पुन्हा लावलं होतं, आणि मला ते बंद करावंसं वाटत नव्हतं.