ठकूबाईंचे डोळे

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार.

आज सकाळी फिल्म वाळत घातली आणि सवयीनं तुला हाक मारली. "दादा, बघ तरी!" असं तोंडातून निघून गेलं. खोलीत कोण असणार? दोरीवर फिल्म थेंब गाळत होती, बस्स. पण हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून लिहायला बसलो. अक्षर तसंच आहे, तेव्हा हसू नकोस.

देवळाली प्रवराच्या ठकूबाई तुला आठवतात? गुऱ्हाळाच्या मागचं घर, दारात शेवगा. त्यांच्या किसनचा पलटणीत जाण्याआधीचा फोटो तूच काढला होतास. किसन अजून समुद्रापलीकडंच आहे. म्हातारीला धाप लागते आता, चार पावलं चालली की खाली बसते. पोरगा येईतो मी असेन-नसेन, त्याला माझं तोंड पाठवा, म्हणून तिनं निरोप धाडला. शेजारचा रामा रजेवर आलाय, तो किसनच्याच पलटणीत आहे. परत जाताना तो फोटो घेऊन जाणार.

तुझ्यामागं मला आलेलं हे पहिलं मोठं काम. मी कॅमेरा, तिवई, काळं कापड असं सगळं खांद्यावर टाकून राहुरीहून निघालो. वाटेत एका अस्वलवाल्यानं अडवलं. अस्वलाचा फोटो काढशील का म्हणाला. त्याच्याशी बोलता बोलता ऊन कलायला लागलं, आणि अस्वल काही केल्या तोंड वर करेना. असो. तू असतास तर कान धरून ओढत नेलं असतंस.

ठकूबाईंना ओट्यावर बसवलं. तू शिकवलंस तसंच सगळं केलं. भिंग पूर्ण उघडं, कापडाखाली डोकं, कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर उलटी म्हातारी. भाता पुढंमागं करून जवळच्या डोळ्याच्या पापण्या मोजता येतील इतकी धारदार केली. मग भिंग झाकलं, काचेच्या जागी फिल्म घातली, "हलू नका आजी" म्हटलं आणि फोटो काढला. तरी त्या हलल्याच असतील असं मला वाटलं. "आता काढतो" म्हटलं की आपल्याकडं माणूस छाती काढून ताठ बसतो, आणि तेवढ्यात डोळे फोकसातून निसटतात, हे तूच सांगायचास ना?

फोटो घेऊन गेलो. ठकूबाईंनी तो उजेडाला धरला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, "आरं बाबा, ह्यात माजं कान लई झ्याक आल्यात. पर किसन काय कानावरनं वळखनार हाय व्हय मला?"

सगळं अंगण हसलं. मीही हसलो, पण परतताना रस्ता संपेना. कानातल्या बुगडीचा मोती न् मोती दिसत होता, आणि डोळ्यांच्या जागी धुकं.

हे एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण दसऱ्यापासून माझे सगळेच फोटो असे येत होते. वाण्याच्या धाकट्याचा, शाळेतल्या मास्तरांचा, सगळ्यांचे कान खणखणीत आणि नजर आंधळी. कुणी हललं म्हणावं, तर सगळेच कसे हलतील? मला वाटायला लागलं, हात तुझा होता, मी नुसता ओझं वाहणारा. नगरचा एक स्टुडिओवाला कॅमेरा मागत होता. एक फिल्म उरली आहे, तेवढी ठकूबाईंवर घालवतो, तीही वाया गेली तर कॅमेरा त्याच्याकडं आणि मी भंडारदऱ्याच्या डोंगरांत तोंड लपवायला, असं मनाशी ठरवून टाकलं. वहिनींना बोललो नव्हतो. त्यांना काय तोंडानं सांगणार?

काल पुन्हा गेलो. ठकूबाई पांढरं धुवट लुगडं नेसून आधीच तयार. "आज डोळं काढ बाबा, कान झालं काढून," म्हणाल्या. या खेपेला पाठीला भिंत दिली, डोक्यामागं उशी दिली. हलायला जागाच ठेवली नाही. कापडाखाली शिरलो. ऊन असं की कपाळावरून घाम ओघळत होता. भुवईवरचा एक थेंब दुधी काचेवर पडला.

आणि दादा, तेवढ्या जागी काच दुधी राहिलीच नाही! आरपार भोक पडल्यासारखी लख्ख झाली.

तुझ्या वेळी मी कितीदा त्या काचेला नाक लावून शिव्या खाल्ल्या आहेत. तेव्हा नुसता डाग पडायचा, पुसला की जायचा. मी नखानं चाचपून पाहिलं. खरखर! खरखरीत बाजू बाहेर, माझ्याकडं होती.

मग डोक्यात उजेड पडला. चित्र उमटतं खरखरीत बाजूवर. ती भिंगाकडं असली, तर फिल्म नेमकी तिच्याच जागी येऊन बसते. काच उलटी लागली, की चित्र काचेच्या जाडीइतकं मागं जातं. मी तिथं डोळे धारदार करत होतो आणि फिल्म बसत होती त्याच्या पुढं. मग तिच्यावर डोळे कुठले येणार? डोळ्यांच्या मागं जे असेल ते, म्हणजे कान!

काच उलटी कुणी लावली, हेही तिथंच कळलं. तुझं वर्ष असल्यानं यंदा घरात सण नव्हता. पण खंडेनवमीला वहिनी म्हणाल्या, सण राहू दे, त्यांच्या हत्याराची पूजा मी चुकवणार नाही. शेजारच्या काकूंनी नाक मुरडलं. वहिनींनी ऐकलं नाही. कॅमेऱ्याचं पितळ चिंचेनं घासलं, दुधी काच काढून रिठ्याच्या पाण्यानं धुतली, परत बसवली, झेंडू वाहिला. आणि मी शेजारी उभा राहून प्रसादाच्या खोबऱ्याकडं बघत होतो.

ठकूबाईंच्या अडकित्त्याच्या टोकानं काच धरणाऱ्या पट्ट्या उचकटून ती फिरवली. ठकूबाई म्हणाल्या, "मोडलं का काय रं?" म्हटलं, नाही आजी, आत्ताच दुरुस्त झालं. पुन्हा फोकस केला आणि शेवटची फिल्म घातली.

आज सकाळी कोठीची दारं-खिडक्या बंद करून ती धुतली. बाहेर आलो तर वहिनी चौकटीशी उभ्या. मी नुसती फिल्म उजेडाला धरली. काळ्या-पांढऱ्याची उलथापालथ असली तरी पापण्या मोजता येत होत्या.

"मग आधीच्यांचं काय चुकलं होतं, भाऊजी?"

टाळणार होतो. पण त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की सांगून टाकलं. त्यांनी फिल्म पुन्हा निरखून पाहिली. मग म्हणाल्या, "शालूची घडी घालताना चांगली बाजू आत ठेवतो ना, तशीच गुळगुळीत बाजू आत ठेवली मी. हात लागून खराब व्हायला नको म्हणून." आणि दादा, त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतो. तू गेल्यापासून पहिल्यांदा.

आता तुझ्यावरचा राग सांगतो. काच कुठल्या बाजूनं लावायची, हे तू एकदाही का सांगितलं नाहीस? मलाही नाही, वहिनींनाही नाही. "बघत राहा, येईल," एवढंच. सगळं डोक्यात घेऊन गेलास. तापात चार दिवस पडून होतास, तेव्हा तरी बोलायचंस!

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, कापडाखालून दिसतं तरी काय? मी तुळशीसमोर कॅमेरा लावला. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, हे तर सगळं डोक्यावर उभं आहे. मग भात्याचा स्क्रू हळूहळू फिरवत राहिल्या, आणि एका जागी थांबल्या. मी जाऊन पाहिलं. मंजिरीचा दाणा न् दाणा वेगळा. त्यांच्यापुढं माझा हात घाईचा आहे, हे मला मान्य करावं लागलं. परपुरुष कॅमेऱ्याच्या कापडाखाली शिरला की बायका अंग चोरून बसतात. तिथं वहिनी शिरल्या तर?

एक गोष्ट राहिली. तुझ्या लहान भिंगातून फिल्मवरच्या ठकूबाईंच्या डोळ्याची बाहुली पाहिली. तिच्यात उजेडाचा तिळाएवढा ठिपका, आणि ठिपक्याच्या मधोमध उभी काडी. कॅमेऱ्याशेजारी उभा राहिलेला माणूस. क्षणभर मला तूच वाटलास. मग लक्षात आलं, त्या जागी आता मी उभा असतो. किसन तिकडं आईच्या डोळ्यांत बघेल, तेव्हा तो ठिपकाही त्याच्याकडं बघेल.

नगरच्या स्टुडिओवाल्याला नाही म्हणून कळवलं आहे. उद्या ठकूबाईंकडं फोटो पोचवतो, वाटेत अस्वल भेटलं तरी थांबणार नाही. आणि तुला वचन देतो, मला जे कळेल ते मी डोक्यात ठेवणार नाही. जिथं कळेल तिथं, त्याच दिवशी, वहिनींना सांगेन.

तुझा,
विनू