जर्वासचं चुनाळं

मंगळवार, १२ मे १९९८

जर्वास आजपासून माझ्या घरी राहणार. याबद्दल एक शब्द जरी बोलले तर गाव म्हणेल, बाईंना पस्तावा झाला! म्हणून इथे लिहायचं.

मुखियाच्या अंगणात सकाळपासून खल चालला होता. युद्ध थांबलं, पोरं जंगलातून परतताहेत, पण याला ठेवून घ्यायला कुणी तयार नाही. त्याची आई नाकेबंदीत तापाने गेली. औषधच नव्हतं तेव्हा बूगनव्हिल बेटावर. तिचं कुळ पांगलं. शेवटी मी उठले. म्हटलं, माझ्या तिसरीच्या वर्गातून बंदूकवाल्यांनी उचलून नेला, माझ्याच ताब्यात परत द्या. तेव्हा अकराचा होता, आता सतराचा.

खरा प्रश्न आगाथाचा. तिचा मुलगा लिनस मारला गेला त्या रात्री तिच्या वस्तीची वाट मारेकऱ्यांना जर्वासने दाखवली. त्यानेच सगळ्यांसमोर सांगितलं, मान वर करून. ओढ्याकाठची सगळी जमीन आगाथाच्या कुळाची, आणि कुळात शब्द तिचा. ती त्याच्यासोबत सुपारी खाईल तेव्हाच तो मोकळा. नाही तर ना रताळं लावता येईल, ना ओढ्यावर जाता येईल. मग जंगलच.

शुक्रवार, १५ मे

उभ्याने जेवतो, पाठ भिंतीला लावून. म्हटलं, माझ्या घरात बसून जेवायचं. बसला — दाराशी, बाहेर तोंड करून. चला, बसला तरी.

गळ्यात भोपळ्याचं चुनाळं. सुपारी मात्र कधी खाताना दिसला नाही. माझा चुना संपला होता, चिमूटभर मागितला. त्याने चुनाळं हाताने झाकलं आणि बाहेर निघून गेला. चिकट मेला! तोंडावर सांगितलं तसं.

रविवार, २४ मे

छप्पर गळायचं थांबलं. मी त्याला सांगितलं नव्हतं. देवा, तुझे आभार.

शनिवार, ६ जून

सगळं फिसकटलं.

समेटाच्या जेवणासाठी डुक्कर कापलं, टारोचे कंद उकडले, गाव जमलं. सुपारी देणाऱ्याने आधी स्वतः खायची, आपल्याच चुन्याला लावून. म्हणजे विष नाही हे समोरच्याला कळतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. जर्वास जंगलात वाढला, त्याला कोण शिकवणार? मी शिकवायला हवं होतं. मी त्याला नवा सदरा शिवत बसले.

त्याने ऐनवेळी माझं चुनाळं मागून घेतलं. त्याचं स्वतःचं गळ्यात लटकतंय, गाव बघतंय, आणि हा माझा चुना आगाथापुढे धरतो! आगाथाने सुपारी टाकून दिली. मला म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमचा विद्यार्थी अजून बघूनच लिहितो होय?" लोक हसले. मग त्याला, अगदी हळू — "दुसऱ्याच्या चुन्याने माझ्याशी समेट करतोस? तुझ्यात काय आहे रे, जे तुझ्याने मला देववत नाही?"

लोकांत कुजबुज, त्याच्या चुनाळ्यात विष आहे म्हणून. मी सगळ्यांना खडसावलं. आतून मलाही शंका आलीच.

रविवार, ७ जून

पहाटे उठले तर चटई गुंडाळलेली. पोर नाही. मुखिया म्हणतो, गेला जंगलात, जातातच असे. प्रार्थनेत लक्ष लागलं नाही.

बुधवार, १० जून

आला!! खांद्यावर पोतं, पायांना फोड. समुद्रावर गेला होता पोवळ्याचे दगड आणायला. मी ठरवलेलं सगळं बोलून घेतलं, तो ऐकत राहिला. मग चुलीमागे खड्डा केला, लाकडं रचली, दगड भाजायला लावले. चुना करतोय. जेवण मी खड्ड्यापाशीच नेऊन दिलं. बसून जेवला, पाठ भिंतीला नाही, माझ्याकडे करून. तेव्हा लक्षात नाही आलं. आता लिहिताना येतंय.

शनिवार, १३ जून

आज गाव नाही, डुक्कर नाही. तो आणि मी, आगाथाच्या दाराशी. आत बोलावलं नाही तिने.

त्याने सुपारी फोडली. अर्धी स्वतः तोंडात टाकली, विड्याच्या वेलीची शेंग चावली, गळ्यातल्या चुनाळ्यात काडी बुडवून चुना घेतला. तोंड लाल होईपर्यंत आगाथा बघत राहिली. मग तिने हात पुढे केला. बराच वेळ चघळलं, अंगणात लाल पिंक टाकली.

"झणझणीत आहे. लिनसला असाच लागायचा."

जर्वास खाली बघत होता.

"उद्या ये. ओढ्याकाठी तुकडा आहे, तो घे. वाट मी दाखवीन."

घरी येऊन मी पोटभर रडले, मग टारो सोलले. आगाथा, तुझे उपकार कसे फेडू?

रविवार, १४ जून

आज काय काय दिलं-घेतलं, लिहून ठेवते.

आगाथाने जर्वासला: ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा, रताळ्याच्या वेलांची मोळी, लिनसचा कोयता.

मी जर्वासला: चटई, पातेलं, नवा सदरा.

जर्वासने मला, निघताना, मुठीतून: बंदुकीची गोळी, एक. चुनाळ्यात होती, इतकी वर्षं. "शेवटची स्वतःसाठी ठेवायची, असं शिकवलं होतं, बाई. चुन्याला जागा हवी होती."