पाझर तलावावर एकटी

रविवार, दिवेलागणीला

आज पहिल्यांदाच एकटी पाझर तलावावर गेले. ह्यांची बदली गुजरातच्या प्लांटला होऊन सात महिने झाले, तेव्हापासून मासे धरायचा हलका रॉड माळ्यावरच पडून होता. शेवाळावरून गळाला लावलेला रबरी बेडूक टुणटुण ओढत आणला आणि मरळीनं झडप घातली! मी घाईत झटका दिला. बेडूक तेवढा परत आला. हे कायम सांगायचे, मरळीनं बेडूक धरला की मनात दोन मोज, मग ओढ. मी कधी मोजलेत?

तिथूनच फोन लावला. हे खूप हसले. "घाई केलीस ना?" मग म्हणाले, "कंपनी इथेच अजून एक वर्ष थांबा म्हणतेय. काय सांगू?"

"तुम्हाला बरं वाटेल ते करा," मी म्हटलं.

असं का म्हटलं मी? पुन्हा गळ टाकला, पण पाण्याकडे लक्षच लागेना. दर रविवारी इथे एकाच डब्यातून खायचो आम्ही. माशाच्या बाबतीत दोन मोजायला धीर नाही, आणि मनातलं सांगायला मात्र सात महिने...

परतताना चाकणच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकले, तिथेच स्कूटर कडेला घेतली आणि परत फोन केला. कंटेनरच्या हॉर्नमुळे ओरडावंच लागलं. "अहो, नाही म्हणून सांगा त्यांना! मला करमत नाही तुमच्याशिवाय."

शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. बघू दे.

हे हळूच म्हणाले, "हेच ऐकायचं होतं गं, म्हणून तर विचारलं."